कॉलेजात जपानी कोरडी बाग करायचीये? आधी दाताळं कोण धरणार ते ठरवा

कारेसान्सुई म्हणजे पाण्याचा थेंबही न वापरता पाणी दाखवायचं, खडी म्हणजे समुद्र, तिच्यात दाताळ्याने ओढलेल्या रेघा म्हणजे लाटा, दगड म्हणजे बेटं. दिसायला एकदम सोपं, म्हणून हौसेने करतात आणि मग सुट्टीत कोणी फिरकत नाही नि सगळीकडे तण.

जागा आधी. ही बाग चालायची नाही, बसून बघायची. क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरात लोक व्हरांड्यात बसून बघतात, तसा आपल्याकडे कॉरिडॉर असतोच, त्याला लागून घ्या. लेक्चर सुटल्यावर दहा मिनिटं तिथे उभं राहून बघा, पोरं तिथूनच शॉर्टकट मारत असतील तर ती जागा सोडाच, पाटी लावून काही होत नाही. झाडाखालीही नको, पानं रेघांत अडकतात.

दगड खडीच्या आधी बसवायचे आणि साधारण एक तृतीयांश जमिनीत गाडायचे, नाहीतर ट्रकमधून आत्ताच उतरवल्यासारखे दिसतात. संख्या शक्यतो विषम. र्‍योआन-जीत 15 दगड आहेत, 5 गटांत, आणि व्हरांड्यात कुठेही बसलात तरी सगळे एकदम दिसत नाहीत, एखादा लपतोच! आपल्याला 3 किंवा 5 पुरे.

खाली मुरूम चोपून थोडा उतार द्या, कडेने दगडी पट्टी. वर खडी 5-7 सेंमी. समुद्राची वाळू अजिबात नको, बारीक असते, वाऱ्याने उडते, आणि गोल गोटे घरंगळतात त्यामुळे रेघ टिकतच नाही. ग्रॅनाइटची टोकदार बारीक खडी घ्या, 3 ते 6 मिमी. पांढरीशुभ्र उन्हात डोळ्यावर येते, मला तरी राखाडी बरी वाटते.

आता खरं काम. दाताळं लाकडी, दात जाड आणि एकमेकांपासून लांब. आधी पानं हाताने वेचा, मग दगडांभोवती गोल रेघा, मग लांबच्या टोकापासून सरळ रेघा ओढत मागे मागे यायचं. मी पहिल्यांदा कडेकडेने आत सुरू केलं, छान जमतंय म्हणत म्हणत शेवटी मधोमध उभा, चहूकडे माझ्याच रेघा, आणि कॉरिडॉरमधून पब्लिक हसतंय. तसाच पाय टाकत बाहेर आलो आणि सगळं परत. रेघ वाकडी गेली तर तेवढाच तुकडा दुरुस्त करू नका, ठिगळ लगेच दिसतं, पूर्ण पट्टा पुन्हा ओढा.

आठवड्याला दोघांची ड्युटी लावा, सुट्टीतली नावं आधीच लिहून घ्या.