सेलेनियम सर्व्हर उठलाय का, हे स्क्रिप्टनेच विचारावं

सेलेनियम म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं साधन. त्याच्या सगळ्या टेस्ट पहिल्याच सेकंदाला लाल (नापास) आणि लॉगमध्ये 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं, तर टेस्टचा कोड उकरत बसू नका. बहुतेक वेळा सर्व्हरच उठलेला नसतो. टेस्ट सुरू करायच्या आधी स्क्रिप्टने हे तपासावं आणि सर्व्हर नसेल तर तिथेच थांबावं.

पुष्कळजण 'पीग्रेप -एफ सेलेनियम' (चालू प्रोग्राममध्ये ते नाव शोधणारी आज्ञा) लिहून मोकळे होतात. गंमत अशी की तुमच्या स्क्रिप्टच्याच नावात सेलेनियम असेल, तर पीग्रेपला ती स्क्रिप्ट सापडते आणि सर्व्हर बंद असूनही उत्तर 'आहे' येतं. 'एनसी -झेड' या आज्ञेने पोर्ट उघडं आहे का बघणं त्यापेक्षा बरं, पण डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) तेही फसवतं: पोर्ट डॉकर आधीच उघडून ठेवतो, आतला सर्व्हर अजून चालू होत असतो.

म्हणून कर्ल (वेब पत्त्यावर विनंती पाठवणारी आज्ञा) वापरून थेट सर्व्हरलाच विचारा. सेलेनियम ४ चं नेहमीचं पोर्ट ४४४४:

कर्ल --सायलेंट --फेल --मॅक्स-टाइम २ --नोप्रॉक्सी '*' एचटीटीपी://१२७.०.०.१:४४४४/स्टेटस

उत्तर जेसन या रचनेत येतं, त्यात 'व्हॅल्यू'च्या आत 'रेडी' असतं. ते 'ट्रू' असेल तरच पुढे जा. हब (टेस्ट वाटून देणारा सर्व्हर) चालू आहे पण एकही नोड (ब्राउझर चालवणारं मशिन) जोडलेला नाही, अशा वेळी उत्तर व्यवस्थित येतं, पण 'रेडी' मात्र 'फॉल्स' असतं. जेसन वाचणाऱ्या 'जेक्यू -ई' ला 'फॉल्स' मिळालं की तो एक्झिट कोड १ (म्हणजे अपयश) देतो, त्यामुळे इफमध्ये सरळ बसतो. फक्त कर्लचं उत्तर आधी व्हेरिएबलमध्ये घ्या. मध्ये पाइप टाकला की कर्लचा स्वतःचा कोड हरवतो, आणि तोच कामाचा असतो.

कर्लचा कोड ७ आला तर जोडणीच झाली नाही, म्हणजे सर्व्हर बंद किंवा पोर्ट चुकलं. २८ म्हणजे वेळ संपली: सर्व्हर अडकलाय. ५२ किंवा ५६ डॉकरमध्ये दिसला तर बहुधा आतला सर्व्हर अजून उठतोय, थोडं थांबा. २२ म्हणजे सर्व्हर बोलला पण ४०४ सारखी चूक दिली. इथे आधी पत्ता तपासा. सेलेनियम ३ मध्ये तो '/डब्ल्यूडी/हब/स्टेटस' होता. ॲपियमचंही (मोबाइल ॲप तपासणारं साधन) तसंच: पोर्ट ४७२३, आवृत्ती १ ला जुना पत्ता, २ पासून नुसतं '/स्टेटस'.

'लोकलहोस्ट' ऐवजी १२७.०.०.१ मुद्दाम लिहिलंय. काही मशिनवर लोकलहोस्ट (स्वतःच्याच मशिनचं नाव) आधी आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्याकडे वळतो आणि सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असतो; नोड.जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, वरचा नोड नव्हे) आवृत्ती १७ पासून हा घोळ जास्त दिसतो. आणि ऑफिसच्या मशिनवर प्रॉक्सी (इंटरनेटसाठीचा मधला सर्व्हर) सेट असेल, तर '--नोप्रॉक्सी' नसताना कर्ल स्वतःच्याच मशिनचा पत्ता प्रॉक्सीला विचारायला जातो.

एकदा विचारून भागत नाही. लूप ३० फेऱ्यांचा ठेवा, प्रत्येक फेरीनंतर 'स्लीप १'. सर्व्हर बंद असेल तर नकार लगेच येतो, त्यामुळे साधारण ३० सेकंदांत निकाल लागतो. सर्व्हर अडकलेला असेल तर दीड मिनिटापर्यंत जाईल. 'सेट -ई' (आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) लावलेलं असेल तर कर्ल इफ किंवा अन्टिलच्या अटीतच लिहा, नाहीतर पहिल्याच अपयशाला स्क्रिप्ट गुपचूप मरते. फेऱ्या संपल्या की शेवटचा कर्ल कोड एररच्या आउटपुटवर छापून 'एक्झिट १' करा.