पी ०१७१ आणि उगाच बदललेला सेन्सर

गोव्यातल्या डिचोलीच्या गॅरेजवर लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते. चवथीच्या आदल्या आठवड्यात कळंगुटहून काळ्या पाटीची, भाड्याने फिरणारी एक हॅचबॅक आली. चेक इंजिनचा दिवा पेटलेला, सकाळी गाडी अडखळते अशी तक्रार. स्कॅनर लावला तर कोड पी ०१७१, सिस्टम टू लीन, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांनी यापुढे मी केलं ते करू नये.

मी पहिल्यांदा कोडच पुसून टाकला. त्याबरोबर फ्रीझ फ्रेम गेली. दिवा पेटला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन गार की गरम, हे ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, त्यात जपून ठेवलेलं असतं. आधी त्याचा फोटो काढा, मग बाकीचं.

ट्रिमचं गणित तसं सोपं आहे. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, हा ईसीयूचा हिशोब. ऑक्सिजन सेन्सरने एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त आहे म्हटलं, की ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ किती टक्के, तोच ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लॉन्ग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज करून वाचायचं. दहाच्या आत असेल तर डोकं लावू नका. पंचवीसच्या आसपास गेली की बहुतेक गाड्यांत कोड येतो.

आमच्या गाडीत आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) बेरीज अधिक ३०, अडीच हजार आरपीएमला अधिक ११. व्हिडिओ बघून मी पाठ केलं होतं: आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, म्हणजे व्हॅक्यूम लीक, फटीतून चोरून आत शिरणारी हवा. पावसाळ्यात इकडे उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड करतात, त्यामुळे कुरतडलेला पाइप सापडणारच अशी खात्री. अर्धा दिवस पाइप चाचपले, कार्ब क्लीनर मारला (गरम एक्झॉस्टजवळ तो मारू नका, पेट घेतो). काही सापडलं नाही, म्हणून ऑक्सिजन सेन्सरवर आळ घेतला आणि नवा बसवला. ट्रिम जागचा हलला नाही.

मेस्त्री जेवून आले, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही गाडी हवा मोजते की अंदाज बांधते, ते बघितलंस?"

तिथे माझी गाडी अडली होती. एअर फिल्टरनंतर आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याच्याही नंतर, थ्रॉटलच्या पलीकडून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, आणि मिश्रण लीन होतं. पण आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत फक्त मॅप सेन्सर असतो. तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बघतो. हवा चोरून आत आली तरी दाब वाढतो, ईसीयू त्या मानाने पेट्रोल देतो, आणि गाडी लीन होण्याऐवजी आयडल चढतो. ही गाडी मॅपवाली होती. आयडल जागच्या जागी, दाबही ठीक.

मग आयडललाच जास्त का? मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू करून ऐकायला लावली. पुढून बारीक टिकटिक येत होती, गरम झाल्यावर ती बंद. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या जोडाचं, गॅस्केट फुटलेलं. इंजिन गार होऊ दिलं, सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडली, जोडावर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे आले. सेन्सरच्या आधीच बाहेरची हवा ओढली जात होती आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. रेस दिल्यावर एक्झॉस्टचा प्रवाह वाढतो, तेव्हा ही भेसळ कमी दिसते.

भार पडला की ट्रिम वाढत असेल तर मात्र पेट्रोलचा दाब बघा, पंप किंवा फिल्टर. आम्ही त्यासाठी गाडी केरीवरून चोर्ला घाटात चढवतो. पंप कुथत असेल तर तिथे लपत नाही.

गॅस्केट बदलल्यावर जुनाच सेन्सर परत लावला. बेरीज अधिक ५ वर थांबली. मी पुन्हा शोधायला लागलो, तर मेस्त्री हसले: पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, जुन्या हिशोबाच्या गाडीत काही टक्के चढणारच.

पात्रांव, म्हणजे गाडीचा मालक, गाडी घेऊन गेला. नव्या सेन्सरचे पैसे माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापले गेले, आणि सेन्सर अजून फळीवर आहे.