बनिअनचं छोट्या छेदाचं ऑपरेशन: या चुका टाळा

बनिअन म्हटलं की आपल्याकडे गंजी आठवते, म्हणून दवाखान्यात बहुतेक जण ‘पायाच्या अंगठ्याचं हाड वाढलंय’ असंच सांगतात. गडबड तिथूनच सुरू होते. हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड, म्हणजे मेटाटार्सल, आतल्या कडेला झुकतं आणि अंगठा उलट शेजारच्या बोटांवर रेलतो. मध्ये सांध्याचा जो कोपरा उघडा पडतो, तोच बुटाला घासणारा गोळा, म्हणजे बनिअन. तो नुसता तासून घेतला तर वाकडेपणा जागेवरच राहतो. झोपताना बोटांत घालायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांनीही मोठ्या माणसाचं हाड सरळ होत नाही, फक्त घासणं कमी होतं.

या ऑपरेशनला काही जण ‘लेझर’ म्हणतात. यात लेझर नसतो. 3 ते 5 मि.मी.च्या काही छेदांतून साधारण 2 मि.मी. जाडीची फिरती बर, म्हणजे हाड कापणारं बारीक अवजार, आत जाते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत मेटाटार्सल त्याच्या मानेपाशी, म्हणजे पुढच्या गोल टोकाच्या जरा मागे, आरपार कापतात, ते टोक, म्हणजे हाडाचं डोकं, बाजूला सरकवतात आणि सहसा दोन स्क्रूंनी पक्कं करतात. बहुतेकदा अंगठ्याच्या हाडातही एक छोटा काप देतात. म्हणजे कातडीवर टिचभर खूण असली, तरी आत हाड तुटलेलंच असतं आणि तुटलेल्या हाडाला लागतो तेवढा वेळ त्याला लागणारच. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

ऑपरेशनआधी

एक्स-रे उभ्याने, दोन्ही पायांवर वजन देऊन काढलेला हवा. झोपून काढला तर कोन खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. अंगठ्याचा कोन, म्हणजे तो मेटाटार्सलच्या रेषेपासून किती वळलाय ते, 15 अंशांपर्यंत सामान्य धरतात; 40 च्या पुढे गेला, पावलाच्या मुळाशी सांधा सैल असला किंवा अंगठ्याचा सांधाच झिजला असला, तर वेगळं ऑपरेशन लागू शकतं. म्हणून सर्जनला दोन गोष्टी विचारा: अशी ऑपरेशनं नियमित करता का आणि मोठ्या छेदाचं, उघडं ऑपरेशनही करता का? बर तापते. पाण्याची धार आणि हाताचा सराव कमी पडला तर कातडी भाजते, हाडाच्या कडाही मरतात. एका रात्रीत अंगठा लाल, गरम होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल, तर ते दुखणं बनिअनचं नसून गाऊट या संधिवाताचं असू शकतं; आधी युरिक अॅसिड तपासा. दुखत नसेल तर केवळ दिसण्यासाठी हे ऑपरेशन करून घेऊ नये.

मधुमेहींनी साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नये. सिगारेट सांगितली जाते, मशेरी मात्र सांगायची राहून जाते. निकोटिन कुठूनही गेलं तरी हाड उशिरा जुळतं. जोडवी घरीच काढून ठेवा. सुजलेल्या बोटातून ती नंतर कापावी लागतात.

‘चालायला सांगितलंय’ याचा चुकीचा अर्थ

बहुतेकांना पहिल्याच दिवशी चालू देतात, पण सपाट, कडक तळाच्या खास बुटात आणि संडास-बाथरूमपुरतं. आपल्या घरात चप्पल उंबऱ्याबाहेर राहते, नेमकी तिथेच फसगत होते. रात्री लघवीला उठताना अनवाणी टाकलेली चार पावलंही चवड्यावर पडतात आणि स्क्रूंवर ताण येतो. साधारण सहा आठवडे बूट घरातही हवाच. देवघरापाशी अडचण वाटत असेल तर नव्या बुटाला घरातलाच समजा. उकिडवं बसणं, देशी शौचालय आणि जमिनीवरून चवड्यावर जोर देऊन उठणं या काळात बंद. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला की पाय ‘वर’ झाला असं वाटतं. तो छातीच्या पातळीच्या वर हवा: आडवं पडून पोटरीखाली दोन-तीन उशा. पहिले दोन आठवडे तासातली 45-50 मिनिटं असंच. पाय खाली सोडल्यावर ठणकतो, जांभळट दिसतो आणि वर घेतल्यावर निवळतो, हे सुरुवातीला अपेक्षितच आहे.

पाय बधिर केलेला असेल तर वेदनेची गोळी बधिरता उतरायच्या आधी घ्या. बधिर पायावर बर्फ थेट ठेवू नका. कापड मध्ये घाला, 15-20 मिनिटं पुरे.

ड्रेसिंग ही नुसती झाकण नसते, ती अंगठा योग्य दिशेला धरून ठेवते. घरी सोडून ‘जरा बघू’ नको, हळद किंवा तेल तर नकोच. आंघोळीला पाय प्लास्टिकच्या पिशवीत, बादलीपासून लांब.

अंगठा ताठ का होतो

भीतीने तो हलवलाच नाही म्हणून. सर्जनने परवानगी दिली की, बहुधा दोन आठवड्यांनी, अंगठा मुळाशी धरून वर-खाली वाकवा: दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. टोक धरून वाकवलं तर वरचाच छोटा सांधा हलतो, ज्याला हलवायचं तो तसाच राहतो.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे एकमेकांवरून घसरलेले दिसतात आणि घरचे घाबरतात. ते मुद्दाम सरकवलेले असतात. मधली जागा नवीन हाडाने भरायला काही महिने जातात. सूज तीन ते सहा महिने, कधी वर्षभर संध्याकाळी येते. अंगठ्याच्या कडेला मुंग्या येणं किंवा बधिरपणा बहुधा ओसरतो. स्क्रूचं डोकं टोचत राहिलं तर हाड जुळल्यावर तो काढता येतो.

सर्जनला गाठायला थांबायचं नाही ते मात्र इथे: बोटं थंड किंवा निळी पडली, पोटरी दुखून सुजली, ताप आला, छेदातून पू आला किंवा आधी कमी झालेलं दुखणं एकाएकी वाढलं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

कोल्हापुरीचा अंगठा नेमका या सांध्याशी खेळतो, त्यामुळे ती निदान तीन महिने कपाटात. नवीन बूट घेताना संध्याकाळी कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि बूट त्यावर ठेवा. रेघ कुठेही बाहेर दिसली तर तो बूट नको.