मणक्याच्या ऑपरेशननंतर पोट साफ होईना? आम्ही केल्या त्या चुका टाळा

आप्पांच्या कमरेतल्या एल ४-एल ५ मणक्यांचं ऑपरेशन ऐन मे महिन्यात झालं, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. पाचव्या दिवशी टाके एकदम कोरडे, घरात सगळे खुश, पण आप्पा ताटाकडे बघायलाच तयार नाहीत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पोटात दगड ठेवल्यागत झालंय रे." ऑपरेशनपासून संडासच झाली नव्हती आणि सुनेसमोर कसं बोलायचं म्हणून गप्प.

पहिली चूक इथंच, वाट बघत बसणं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन असल्या गोळ्या दुखणं दाबतात तसंच आतड्याची हालचालपण मंदावतात, मळ आतच रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. मळमळ, गुंगी चार दिवसांत सवयीनं कमी होते, हे पोट तुंबणं मात्र गोळी चालू असेपर्यंत सुटत नाही. म्हणून पोट साफ व्हायचं औषध दुखण्याच्या गोळीबरोबर पहिल्याच दिवशी सुरू व्हायला पाहिजे, डिस्चार्जच्या कागदावर दिसलं नाही तर तिथंच विचारा, लाजू नका.

दुसरी चूक इसबगोल. शेजारच्या काकूंनी प्रेमानं दिलं, आम्ही दिलं. अहो ते पाण्यानं फुगतं, पण आतडं ढकलतच नसेल आणि माणूस पाणीपण घोट घोट पित असेल तर आत गच्च बसतं. अशा वेळी डॉक्टर बहुतेक आतड्याला हलवणारं सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल देतात, नाहीतर पाणी ओढणारं लॅक्टुलोज. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, सकाळी दिलं आणि संध्याकाळी "काहीच होईना" म्हणून डबल पाजू नका. एरंडेल तर नकोच.

कुंथायचं नाही, त्याचा जोर कमरेवर येतो. भारतीय संडासात उकिडवं बसणं बंद, कमोडवर, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसवायचं कारण आतडं तेव्हाच जागं असतं. धुताना कंबर पिळली जाऊ नये म्हणून जेट स्प्रे लावून घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आप्पांचा जीव की प्राण, पण काही दिवस मऊ भाकरी आमटीत कुस्करून. पाणी भरपूर, किडनी-हार्टचा त्रास असेल तर विचारून. आणि डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं चालणं चुकवू नका.

एक फसवी गोष्ट, बरेच दिवस तुंबल्यावर थोडं थोडं पातळ झिरपायला लागलं की लोक जुलाब समजून औषध बंद करतात, खडा आत तसाच असतो. तेव्हा डॉक्टरांना फोन करा.

पोट फुगलं, उलट्या, गॅसपण सरकेना, तर पोट साफ व्हायचं कुठलंही औषध न देता सरळ हॉस्पिटल. आणि बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी अडकली, संडासवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी वाटली तर तो बद्धकोष्ठ नाही, नसा दाबल्या गेल्या असू शकतात, रात्रीचे २ वाजले असले तरी गाडी काढा.