हेवी-ड्युटी पिकअप: 'किती ओढते' एवढंच बघून गाडी घेऊ नका, आणि आणखी काही चुका टाळा

हेवी-ड्युटी पिकअप घेतलेल्या माणसाला 'गाडी किती ओढते?' असं विचारलं की उत्तर तोंडावर असतं. 'आणि अंगावर किती पेलते?' असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. गाडी मागून बसते, ब्रेक तापतात, टायर फुटतात, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हा दुसरा आकडाच असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो आणि त्यावर थोडं जास्तच बोलतो.

दारावरचा स्टिकर न वाचणं

फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५०० एचडी अशा गाड्यांचा हा वर्ग अमेरिकेत घडला. तिथे या गाड्या एकूण भारित वजनावरून ओळखल्या जातात. एकूण भारित वजन म्हणजे गाडी, माणसं, सामान आणि हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) टेकलेला भार हे सगळं मिळून कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा. त्या मर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती भारक्षमता.

४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांवर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून कमाल किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. हा आकडा त्या एका गाडीचा असतो. माहितीपत्रकातला आकडा बहुधा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. फोर-व्हील ड्राइव्ह, चार दारांची कॅब, सनरूफ, भारी सीट्स अशी एकेक सोय वाढत जाते तशी भारक्षमता घटत जाते. सगळ्यात महागडं मॉडेल अनेकदा सगळ्यात कमी भार पेलतं. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडण्याआधी दार उघडा आणि या स्टिकरचा फोटो काढा.

आता हिशोब करू. समजा स्टिकरवर १,०५० किलो आहे. चार माणसं ३०० किलो, हौद्यात (मागच्या उघड्या भागात) बसवलेली फिफ्थ-व्हील हिच ८० किलो, हत्यारांची पेटी ७० किलो. म्हणजे ४५० किलो इथेच संपले आणि हिचवर टेकवायला उरले ६००. फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे ज्याचं तोंड हौद्यातल्या हिचवर टेकतं तो, आपल्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार गाडीवर टाकतो. २० टक्के धरले तर ६०० किलोत बसतो तो ३ टनांचा ट्रेलर. जाहिरातीत मात्र याच गाडीपुढे ८ टन लिहिलेलं असू शकतं. मागच्या हिचला लावायचा साधा ट्रेलर १० ते १५ टक्के भार टाकतो, त्यामुळे तिथे हिशोब जरा सैल बसतो. तरी ८ टन हाती लागत नाहीत.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असं मी म्हणत नाही. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ मानकाप्रमाणे गाडीची खरोखर परीक्षा होते, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ भर उन्हाळ्यात चढवण्याची अटही त्यात आहे. पण त्या हिशोबात ड्रायव्हर आणि एकच प्रवासी धरलेला असतो. तुमचं कुटुंब, कुत्रा आणि हौद्यातलं सामान त्यात नसतं.

यावर दोन पळवाटा लोक सर्रास शोधतात. एक म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार म्हणून हवेचे फुगे बसवणं. फुग्यांमुळे बसलेली गाडी वर येते, सरळ दिसते आणि हेडलाइटचा झोत पुन्हा रस्त्यावर पडतो. पण ॲक्सल, ब्रेक, चाकं आणि चॅसी आधीचीच राहतात, स्टिकरवरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. दुसरी म्हणजे ट्रेलरमधलं सामान मागे सरकवून हिचवरचा भार कमी करणं. ही तर जिवावर बेतणारी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

खरं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. टाकी भरून, घरची माणसं बसवून आधी नुसती गाडी काट्यावर घाला, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजा. मग भरलेला ट्रेलर जोडून गाडीचे तेच दोन ॲक्सल पुन्हा मोजा. दोन्ही वेळच्या बेरजेतला फरक म्हणजे ट्रेलरचा हिचवर पडणारा भार. मागच्या ॲक्सलची मर्यादाही दारावरच लिहिलेली असते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

गरज नसताना डिझेल घेणं

मोठं डिझेल इंजिन हवंहवंसं वाटतं, हे मला पूर्ण मान्य आहे. चढावर भरल्या ट्रेलरसकट ते ज्या सहजतेने निघतं, त्याला तोड नाही. पण ते इंजिन पेट्रोलपेक्षा अडीचशे-तीनशे किलोने जड असतं. दोन्ही गाड्यांची एकूण मर्यादा सारखीच असेल तर तेवढी भारक्षमता डिझेल गाडीत कमी होते. ज्याला ओढायचं कमी आणि हौद्यात भरायचं जास्त, त्याला पेट्रोल गाडीच जास्त कामाची.

दुसरा प्रश्न वापराचा. आजच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साचली की गाडी तो फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून आतली काजळी जाळते. त्यासाठी सलग, वेगात धावणं लागतं. रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जाळणं अर्धवट राहतं. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, शेवटी इंजिनाची ताकदच कापली जाते. काही इंजिनांमध्ये जाळण्यासाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर 'बरं झालं, ऑइल खात नाही' असं समजू नका. ते ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगांना धोका आहे. ऑइल ताबडतोब बदला. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर काढा. ते जमणार नसेल तर पेट्रोल घ्या.

डीईएफ म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागणारा द्रव. त्याबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेवा. हे ३२.५ टक्के युरियाचं पाणी आहे, त्याची टाकी वेगळी आणि झाकण बहुधा निळं. चुकून ते डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, कारण चावी फिरवताच पंप ते पुढे ढकलायला लागू शकतो. गाडी टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. एकदा इंजिन सुरू केलं तर पंप, पाइप, इंजेक्टर सगळं बदलण्याची पाळी येऊ शकते.

हौद्याची लांबी आणि गिअरचं प्रमाण

फिफ्थ-व्हील ट्रेलर ओढायचा असेल आणि हौदा आखूड असेल, तर तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेवर येतो. सरकणारी हिच लावून हे टळतं, पण ती आणखी जड, म्हणजे पुन्हा भारक्षमतेतून वजा. मागच्या ॲक्सलचं गिअर-प्रमाण ३.३१, ३.७३, ४.१० असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि इंधनही जास्त. एकाच मॉडेलची ओढण्याची क्षमता नुसत्या या प्रमाणामुळे टनाने बदलू शकते, म्हणून घेताना ते विचाराच. जोडटायरची (मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर असलेली) गाडी भाराखाली भक्कम उभी राहते, पण रिकामी असताना चिखलात आणि बर्फात लवकर घसरते. रोज एकट्याने फिरायचं असेल तर ती घेऊ नका.

जुनी गाडी घेताना फक्त किलोमीटर बघणं

कामावरच्या पिकअपचं इंजिन उभ्या गाडीतही तासन्‌तास चालू असतं. किलोमीटर वाढत नाहीत, झीज होत राहते. बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेवर इंजिनाचे तास दिसतात. किलोमीटरना तासांनी भागा. १,६०,००० किलोमीटर आणि ३,२०० तास म्हणजे ताशी सरासरी ५०, ठीक आहे. त्याच किलोमीटरला ८,००० तास निघाले तर सरासरी २०. ती गाडी बहुतांश उभ्या उभ्या चालली आहे, आणि तिचं इंजिन ओडोमीटर सांगतो त्यापेक्षा बरंच जुनं आहे.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवा. ते जोराने उडायला लागलं आणि धुराचे लोट येत असतील तर पिस्टन रिंगांतून दाब खाली येतोय. हौद्यातली चटई उचला. जमिनीत हिच बसवायला पाडलेली चार-सहा मोठी भोकं किंवा लोखंडी पट्ट्या दिसल्या तर या गाडीने जड ट्रेलर ओढले आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मालक 'कधी ओढलंच नाही' म्हणत असेल तर बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. चॅसीवर ताजा काळा रंग दिसला तर हातोडीने हलकं ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. कमानपाट्यांचे खिळे आणि शॅकल जिथे चॅसीला मिळतात ती जागा सगळ्यात आधी सडते.

डिझेल असेल तर गाडीखाली झोपून फिल्टर जागेवर आहे का बघा. काही मालक डीपीएफ आणि बाकीची प्रदूषण-यंत्रणा काढून तिथे सरळ नळी लावतात. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली हे बेकायदा आहे, आणि प्रदूषण-तपासणी असते तिथे अशी गाडी अडकते.

इंधन-पंपही तपासा. बॉशचा सीपी४ हा उच्चदाबाचा पंप २०११ पासून फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलमध्ये आणि २०११ ते २०१६ च्या सिल्व्हराडोच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनात आला. रॅमने तो २०१९-२० च्या गाड्यांत घातला आणि नंतर त्या परत बोलावल्या. हा पंप आतून झिजला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. इंधनाच्या फिल्टरमध्ये चकचकीत कण दिसले तर ती गाडी सोडून द्या.

स्टिअरिंग थरथरलं की डॅम्पर बदलणं

पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या गाडीत एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं जोरात डावी-उजवीकडे फडफडायला लागतात आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाहीत. अमेरिकेत याला डेथ वॉबल म्हणतात. ज्याने एकदा अनुभवलं त्याचे हात पुढचा अर्धा तास कापतात. गॅरेजवाला बहुधा स्टिअरिंग डॅम्पर बदलून देतो. थरथर थांबते, दुखणं मात्र आत तसंच राहतं. डॅम्पर धक्का शोषतो, ढिलाई घालवत नाही.

योग्य क्रम असा. गाडी जमिनीवर चाकांवर उभी ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खालून ट्रॅक बारच्या (पुढचा ॲक्सल चॅसीखाली जागेवर धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन्ही टोकांकडे बघा. बोल्ट त्याच्या भोकात जरासा जरी सरकला तरी चोर सापडला. मग बॉल जॉइंट, टायरॉडची टोकं, कंट्रोल आर्मचे बुश, चाकांचं बॅलन्सिंग, टायरची हवा. गाडी उंच करायचं किट लावलेलं असेल तर कास्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मोजून घ्या, उंची वाढली की तो बिघडतो.

टायर आणि ट्रेलर

या गाड्यांना लोड रेंज ई चे, म्हणजे जड भार पेलणारे टायर लागतात, भरल्या गाडीत त्यांची हवा ८० पीएसआयपर्यंत जाते. कारच्या जातीचे मऊ टायर बसवले की गाडी आरामात चालते आणि भाराखाली टायर तापून फुटतात. टायरवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबरी खाचा खोल दिसल्या तरी दहा वर्षांच्या टायरवर भार घालू नका. जोडटायरमध्ये आतल्या टायरची हवा बघायचा कंटाळा करू नका, आतला बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो.

ट्रेलरचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात हवं. मागे जास्त झालं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडीतल्या ट्रेलर ब्रेक कंट्रोलरवरचा हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे खेचला जातो आणि सरळ होतो. तो खटका नेमका कुठे आहे हे बोटांना आधीच माहीत हवं, म्हणून रिकाम्या मैदानात दोन-चार वेळा दाबून बघा.

चाकं काढून बसवली असतील तर ८० ते १६० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, जोडटायरमध्ये तर नक्कीच. पहिल्या थांब्यावर ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. सगळे सारखेच कोमट असतील तर पुढे निघा. एखादाच हब हात जवळ नेववत नाही इतका तापला असेल तर बेअरिंग नाही तर अडकलेला ब्रेक, आणि तो ट्रेलर तिथून पुढे न्यायचा नाही.