पंधरवड्याचं पत्रक: एक शब्द, थोडी कामं आणि घरी विचारायचे प्रश्न

आमची शाळा ठाण्यात लोकमान्य नगर भागात, दुपारची, साडेबारा ते साडेपाच. माझ्याकडे तिसरी, एक्केचाळीस मुलं. पालकांपैकी बरेच वागळे इस्टेटमध्ये शिफ्टला जातात, काही रिक्षा चालवतात, आयांपैकी पुष्कळजणी घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये कामाला. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी मी घरी एक पत्रक पाठवते: येत्या पंधरवड्यात वर्गात काय होणार. शाळेत नवीन आलेल्या दोघी शिक्षिकांनी ते कसं लिहायचं विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी टाचण वहीतलंच, म्हणजे पाठांच्या नियोजनाच्या वहीतलंच, उतरवून द्यायचे. मराठी, पाठ अमुक. गणित, अपूर्णांक. परिसर अभ्यास, पाणी. खाली साहित्य: चार्टपेपर, रंगीत कागद, स्केचपेन. एका वर्षी एक मुलगा सलग दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई सोडायला आली तेव्हा कळलं की ती कामावरून येईपर्यंत स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं असायचं, आणि रिकाम्या हाताने वर्गात यायची त्याला लाज वाटत होती. माझ्या एका ओळीमुळे मुलाची दोन दिवसांची शाळा बुडाली. तेव्हापासून पत्रकात विकत आणायची एकही वस्तू लिहीत नाही. घरात नक्की असेल तेच मागायचं, तेही मूठभर, आणि ‘नसेल तर वर्गात आहे’ हे त्याच ओळीत लिहायचं.

आता जानेवारीच्या मधल्या पंधरवड्याचंच उदाहरण घेऊ.

वार्षिक नियोजन उघडण्याआधी कालदर्शिका उघडा आणि खिडकीबाहेर बघा. जानेवारीत काय आहे? 12 तारखेला जिजाऊ जयंती, 14च्या सुमारास संक्रांत, 26ला झेंडावंदन. घराघरांत तीळ भाजण्याचा वास. ऊन तिरपं. खाडीवर रोहित पक्षी आलेले. हे सगळं वर्गात आपोआप येणारच आहे, मुलं ते खिशात घेऊनच येतात. मग नियोजन बघा. त्यात पाव, अर्धा, पाऊण, वजन, सेंटिमीटर आणि मीटर. आता दोन्ही शेजारी ठेवून एक शब्द शोधायचा, पंधरवडाभर सगळ्या विषयांतून फिरेल असा. विषय नव्हे, शब्द. ‘मोजमाप’ म्हटलं की मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ‘पाऊण’ म्हटलं की येतं.

पाऊण का, ते जरा सांगते, कारण शब्द निवडताना तो आत किती खोल जातो हे बघावं लागतं. तिसरीतल्या मुलांना पाव आणि अर्धा लवकर कळतात. पाऊण अडतो. पावणेदोन म्हणजे दोनपेक्षा जास्त, असं माझ्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं तरी म्हणतात. त्यांना शब्द फोडून दाखवा: पाव आणि ऊन. यातला ऊन म्हणजे कमी. पाऊण म्हणजे एकाला पाव कमी, पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. मग फळ्यावर 19, 29, 39 लिहा आणि मोठ्याने वाचायला सांगा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. तोच ऊन! एक कमी वीस, एक कमी तीस. जी मुलं 49 ला अजून अडखळतात त्यांचे चेहरे या क्षणी बघण्यासारखे असतात. 89पर्यंत एकोण चालतो आणि 99ला नव्याण्णव येतो, हे त्यांचं त्यांना सापडू द्या. कोणीतरी विचारतंच, ‘बाई, मग बाहेरचं ऊन?’ तो शब्द वेगळा, उष्ण पासून आलेला. पण प्रश्न आला की समजायचं, मुलं शब्द कानाने नाही, डोक्याने ऐकताहेत.

शब्द ठरला की कामं ठरवा, आणि तीनच्या वर जाऊ नका. मी पूर्वी सात-आठ उपक्रम लिहायचे, त्यातले चार व्हायचे, आणि पालकांना वाटायचं बाई नुसतं लिहितात.

पहिलं काम तराजूचं. कपड्यांच्या हँगरला दोन बाजूंना दह्याचे रिकामे डबे दोऱ्याने बांधले की तराजू तयार. वजनं म्हणून पाव किलो आणि अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या ओळखीच्या वाण्याकडून तोलून आणून ठेवा. मुलांनी घरून मूठभर धान्य आणायचं. तांदूळ, तूरडाळ, गहू, काहीही. तीळच हवेत असं लिहू नका, जानेवारीत ते महाग असतात. सगळ्यांचं एकत्र करून पाऊण किलो तोला. पाऊण किलोचं वजनच नाही, मग काय करायचं? अर्धा आणि पाव एकाच बाजूला ठेवायचं हे वर्गातल्या कोणाला तरी सुचतं. नाही सुचलं तर गप्प बसा. पाच मिनिटं गप्प बसायला मला फार वर्षं लागली. 500 आणि 250 मिळून 750 हे त्यानंतर वहीत लिहायचं, आधी नाही.

दुसरं काम माझं सर्वांत आवडतं, म्हणून जास्त लिहिते. काठीची सावली. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या, वाळू भरलेल्या बादलीत अशी रोवा की वाळूच्या वर बरोबर एक मीटर राहील. बादलीची कड सावलीत येते, तेव्हा बादली जमिनीत पुरता आली तर उत्तम. आमच्याकडे अंगणात झेंड्याच्या चौथऱ्याशेजारी मातीचा तुकडा आहे, तिथे थेट रोवतो. काठी उभी आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून ओळंब्याने तपासा. आता प्रश्न: सावली सर्वांत आखूड कधी? सगळे म्हणतात बारा वाजता. तसं होत नाही. आपल्या घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली, आणि ठाणं आहे जवळपास त्र्याहत्तर अंशांवर. सूर्याला हे अंतर यायला साधारण अडतीस मिनिटं लागतात, आणि जानेवारीत आणखी काही मिनिटांची भर पडते. म्हणून जानेवारीत ठाण्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो पाऊण वाजता! दुपारच्या शाळेला याहून सोयीची वेळ नाही. परिपाठ झाला की मुलांना थेट अंगणात न्या. सकाळच्या शाळेने हे काम सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांसोबत किंवा एखाद्या शनिवारी ठेवावं.

अंगणात गेल्यापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. मुलांना टेप द्या, आकडे त्यांनीच वाचायचे. संक्रांतीच्या सुमारास एक मीटर काठीची आखूडात आखूड सावली 85 सेंटिमीटरच्या आसपास येते. तुमची 83 किंवा 87 आली तर खोडू नका. काठी किंचित कललेली असते, जमीन उताराची असते, आणि ‘का आलं असेल?’ यावर अर्धा तास उत्तम जातो.

इथे एक गोष्ट नीट सांगा, कारण आपणही ती चुकीची सांगत आलो. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो, असं मी वर्षानुवर्षं परिपाठात बोलले. वर्षातला सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरला येतो आणि सूर्य तेव्हाच वळलेला असतो. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश; अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष फार सावकाश डुलत असल्यामुळे, या दोन घटना शतकानुशतकं एकमेकींपासून दूर सरकत गेल्या. तिसरीला अयनचलन नको. ‘दिवस डिसेंबरपासूनच मोठा होऊ लागलाय’ एवढं पुरे.

तिसरं काम पाहुण्यांचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी चेंदणी कोळीवाड्यातली. मी आजीला फक्त विचारलं होतं, खाडीत भरती कधी येणार हे घड्याळ नसताना कसं कळायचं? ती म्हणाली, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. आत खाडीत पाणी पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो तेवढा धरायचा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मी थक्क झाले, कारण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेणं आपण कधीच सोडून दिलं आणि ती तिच्याकडे रोजच्या कामाला आहे. त्या दिवशी मुलांनी दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन हे आजीबरोबर तालात म्हटलं.

आजीला बोलावताना तयारी लागते. ‘मुलांना काहीतरी सांगा’ असं म्हणू नका. माणूस घाबरतो आणि मग उपदेश करतो. एकच प्रश्न आधी देऊन ठेवा, आणि येताना रोजच्या वापरातली एक वस्तू आणायला सांगा. आजीने जाळं विणायची सुई आणली होती. रोहित पक्षी ओहोटीला का दिसतात, हे तिनेच सांगितलं: चिखल उघडा पडला की त्यांचं जेवण सुरू होतं. पुढे मी जोडलं की ते चोच उलटी धरून पाणी गाळतात आणि त्यांचा गुलाबी रंग शेवाळातून येतो. ठाणे खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली, हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं आहे. सहल नेता आली तर न्याच, पण त्यासाठी परवानगी, संमतीपत्रं, बस, सगळं लागतं. पंधरवड्याच्या पत्रकात ती धरू नका.

आता पत्रक. खरं काम इथे आहे. पालक मुलाला विचारतात, ‘आज काय शिकवलं?’ आणि मूल म्हणतं, ‘काही नाही.’ चूक दोघांचीही नाही, प्रश्न फार मोठा आहे. म्हणून पत्रकात प्रत्येक कामासमोर घरी विचारायचा एकेक छोटा प्रश्न द्या. माझं पत्रक असं होतं:

‘नमस्कार. 12 ते 24 जानेवारी, आपला शब्द: पाऊण.
13 तारखेला तराजू. मूठभर कोणतंही धान्य पाठवा. नसेल तर वर्गात आहे. घरी विचारा: वजन नसताना पाऊण किलो कसं तोललंत?
16 तारखेला सावली मोजणार. टोपी पाठवा. घरी विचारा: सावली सर्वांत लहान किती वाजता झाली?
20 तारखेला चेंदणीच्या आजी येणार. घरी विचारा: आज भरती किती वाजता? ऐरोली पुलावरून जाणं झालं तर ओहोटीला खाडीकडे बघा आणि काय दिसलं ते मुलाला सांगा.’

इतकंच. अध्ययन निष्पत्ती टाचण वहीत राहू द्या. अक्षर मोठं ठेवा, कागद अर्धा, म्हणजे वहीत चिकटवता येतो. घरी मराठी वाचणारं कोणी नसेल तर तेच पत्रक आवाजात बोलून रात्री नऊनंतर वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. मुलांना पत्रक शुक्रवारी शेवटच्या तासाला मोठ्याने वाचायला लावा. घरी ते वाचून दाखवण्याची तीच रंगीत तालीम होते.

आकारिक मूल्यमापनासाठी, म्हणजे शिकता शिकताच होणाऱ्या मूल्यमापनासाठी, वेगळी चाचणी घेण्याची गरज पडत नाही. घरून आलेली उत्तरंच वर्णनात्मक नोंदींत जातात. एका वडिलांनी शिफ्टवरून व्हॉइस मेसेज पाठवला होता की मुलीने त्यांना चहाच्या टपरीवर पाऊण कप म्हणजे किती ते विचारलं. ती नोंद मी तारखेसह जशीच्या तशी लिहिली.

काठीची जागा खडूने नव्हे, विटेने नक्की करून ठेवा. 15 फेब्रुवारीच्या आसपास तीच काठी, तिथेच, पाऊण ते एकच्या दरम्यान परत रोवायची. सावली साधारण 62 सेंटिमीटर येईल. 21 मार्चला 35च्या आसपास. मेच्या मध्याला ती जवळपास नाहीशी होते, पण तेव्हा सुट्टी असते, म्हणून कोकणात गावी जाणाऱ्या मुलांना सांगून ठेवा की तिकडे हा दिवस काही दिवस आधी येतो. आणि हे आकडे फळ्यावर आधी लिहू नका. जानेवारीच्या 85 खाली तीन रिकाम्या चौकटी आखा आणि प्रत्येक मुलाला आपला अंदाज पेन्सिलीने आत लिहू द्या.