एजंटच्या हातात डेटाबेस देताय? मग टूलचं वर्णन नीट लिहा

मागे ओळखीतल्या एका दूध डिस्ट्रिब्युटरसाठी एआय एजंट बनवला होता. मालकांनी मराठीत प्रश्न विचारायचा, एजंटने टूल (म्हणजे त्याला बोलावता येणारं, आपण लिहिलेलं फंक्शन) वापरून डेटाबेसमधून उत्तर काढायचं, एवढंच. पहिल्याच दिवशी त्याने कालची विक्री 42 लाख सांगितली, खरी होती 42 हजार. रक्कम पैशांत साठवलेली आणि कॉलमचं नाव नुसतं 'अमाउंट', आता त्या बिचाऱ्याला कसं कळणार? टूलच्या वर्णनात मी एकच ओळ खरडली होती, "ऑर्डरची माहिती आणतो."

एजंटच्या आतल्या एआय मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही हो. टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कशा स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढंच त्याच्यासमोर जातं. फंक्शनच्या आत कितीही छान कॉमेंट लिहिल्या असतील तरी त्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून आधी एकेक कॉलम घ्या आणि बघा की नावावरून काय कळत नाहीये. 'क्वांटिटी' म्हणजे पिशव्या, लिटर की क्रेट? 'स्टेटस' 3 म्हणजे काय? डिलिव्हरीची तारीख नल, म्हणजे रिकामी, असेल तर माल गेलाच नाही की कोणी नोंदच केली नाही? कॅन्सल झालेल्या ऑर्डर टेबलात तशाच पडून असतात का? हे सगळं तुमच्या डोक्यात असतं आणि तिथेच राहतं.

वेळेचं तर वेगळंच झेंगट. आमच्याकडे वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री 12 ते पहाटे 5:30 मधली ऑर्डर यूटीसीने आदल्या दिवशी पडते, आणि दुधाच्या धंद्यात निम्मी गडबड त्याच वेळेला! तारीख कुठल्या वेळेनुसार धरायची ते लिहाच, आणि शक्य असेल तर मॉडेलवर न सोडता टूलच्या आतच बदलून घ्या.

सुधारून लिहिलेलं वर्णन साधारण असं होतं:

"एका दिवसाच्या किंवा तारखांच्या टप्प्यातल्या ऑर्डर देतो. तारखा भारतीय वेळेनुसार, 2025-04-01 अशा लिहाव्यात, दोन्ही टोकांच्या तारखा धरल्या जातात. रक्कम पैशांत येते, रुपयांसाठी 100 ने भागा. कॅन्सल ऑर्डर येत नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त 100 ओळी, पुढे अजून असतील तर 'आणखी_आहे' खरं येतं. एकूण विक्री काढायला हे वापरू नका, त्यासाठी 'विक्री_बेरीज' टूल आहे."

शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात. दोन टूल एकमेकांसारखी असली की मॉडेल चुकीचं उचलतं, मग पहिल्या 100 ओळींची बेरीज करून ती महिन्याची विक्री म्हणून ठोकून देतं, तेही अगदी आत्मविश्वासाने. म्हणून टूल कधी वापरायचं नाही हेही लिहायचं.

पॅरामीटरमध्ये ठरावीकच मूल्यं चालणार असतील तर इनम (चालणाऱ्या मूल्यांची बंद यादी) द्या, काहीही लिहिता येईल अशी मोकळी स्ट्रिंग ठेवू नका. जिल्ह्याचा कॉलम असेल तर आणखी सांभाळून, जुन्या डेटात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असतं आणि विचारणारा छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर म्हणतो. मॉडेल नवीन नाव टाकतं, शून्य ओळी येतात, आणि ते सांगतं की तिथे ग्राहकच नाहीत. कुठलं नाव चालतं ते वर्णनात लिहा, आणि न जुळणारं नाव आलं तर रिकामी यादी न देता "हे नाव नाही, चालणारी नावं अशी" असा एरर द्या. एररचा मजकूरही मॉडेलच वाचतं, त्यातून ते स्वतःला सुधारून घेतं.

वर्णनात "फक्त सिलेक्ट (डेटा नुसता वाचणारी) क्वेरी चालवावी" लिहून निवांत झोपू नका पण, ती नुसती विनंती झाली. कुलूप डेटाबेसमध्येच लावायचं, एजंटला फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युझर द्यायचा.

आणि सगळंच्या सगळं वर्णनात कोंबूही नका. 80 टेबलांचा स्कीमा चिकटवला तर कामाची ओळ त्यात हरवते. या टूलला लागतं तेवढंच ठेवा.

मग टेस्टिंग. स्वतः प्रश्न बनवू नका, कारण तुम्हाला कॉलमची नावं पाठ असतात, तुमचे प्रश्नही तसेच येतात. जो वापरणार आहे त्याच्याकडून वीसेक प्रश्न घ्या, आणि नुसतं उत्तर बघू नका, कुठलं टूल कुठल्या पॅरामीटरने बोलावलं तो लॉग बघा, कारण उत्तर कधीकधी नशिबानेही बरोबर येतं.

आमच्या मालकांचा पहिलाच प्रश्न होता, "या महिन्यात खाडे किती?" डेटाबेसमध्ये त्याला 'स्किप' म्हणतात, मॉडेलने रद्द ऑर्डर शोधल्या. वर्णनात एक ओळ वाढवली, "ग्राहकाने एखाद्या दिवशी दूध नको सांगितलं तर तो खाडा, तो 'स्किप' कॉलममध्ये असतो, रद्द ऑर्डर वेगळी." पुढच्या वेळी आकडा मालकांच्या वहीशी जुळला.